रात्री अडीच वाजता काय बघता?

"काम मनापासून करतो, पण निकाल माझ्या हातात नाही. आकडा वर गेला की मी वर, आकडा पडला की मी पडलो. सोडून द्यावं का हे काम?"

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांपैकी वर्षाकाठी चार-पाच जण तरी हा प्रश्न विचारतात. विक्रीतले असतात, शेअर बाजारातले असतात, यूट्यूबवर चॅनल चालवणारे असतात. पण सगळ्यात नेमका विचारला तो एसईओ करणाऱ्या एका मुलाने. मुलगा म्हणायचं आपलं, चौतिशीचा बाप्या. त्याला निखिल म्हणू. ओळख पटेल असं बाकी सगळं बदललं आहे.

त्याचं काम असं: कुणी गुगलवर 'नाशिकमध्ये सोफा' शोधलं की ग्राहकाचं दुकान वरच्या चार-पाचांत दिसलं पाहिजे. पैसे भरून लावलेल्या जाहिरातीत नाही, तर खालच्या साध्या निकालांत. त्यासाठी पानं लिहून घ्यायची, साइट दुरुस्त करायची, आणि वाट बघायची.

तो आला एप्रिल २०२४ मध्ये. गुगलने ५ मार्चला क्रमवारी लावण्याच्या पद्धतीत मोठा बदल सुरू केला होता. त्याला ते लोक कोअर अपडेट म्हणतात. तो चालला ४५ दिवस, आणि निखिलच्या चार ग्राहकांपैकी दोन त्यात खाली घसरले होते.

सोबत बायको होती. बोलायला सुरुवात तिनेच केली. "रात्री अडीचला हा फोन घेऊन बाथरूममध्ये जातो. मला आधी वाटलं, कुणी बाई आहे." हसली, मग ओढणीने डोळे पुसले. "बाई असती तर भांडता तरी आलं असतं."

निखिल खाली मान घालून बसला होता. कामाला कधी लागलात विचारलं तर म्हणाला, "पेंग्विनच्या वर्षी." म्हणजे २०१२. विकतच्या लिंका लावून वर आलेल्या साइट गुगलने त्या साली झोपवल्या, त्या अपडेटचं नाव पेंग्विन. मुलगी साडेचार वर्षांची. कधीची? "बर्टच्या महिन्यातली." बर्ट हे गुगलचं आणखी एक अपडेट, ऑक्टोबर २०१९. आमच्या आजीच्या पिढीत पोरांचे जन्म पुरावर आणि दुष्काळावर सांगायचे, ते आठवलं.

पहिल्या भेटीत मी झोप, भूक, दारू विचारते, आणि जगणं नकोसं वाटतं का हेही सरळ विचारते. तसं काही नव्हतं. असतं तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. (अशा वेळी कुणी समोर नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो.) ॲसिडिटी होती, चिडचिड होती, मुलीच्या गॅदरिंगला हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून रिपोर्ट बघितल्याची शरम होती.

मग मी एक चूक केली. रात्री फोन हॉलमध्ये ठेवायला सांगितला. आठवड्याने आला तो आणखी सुकलेला. फोन हॉलमध्ये होता, आणि हा अडीचला उठून हॉलमध्ये जात होता. बायकोची झोप मोडत नव्हती, फायदा झालाच असेल तर एवढाच.

तेव्हा कुठे मला जे आधी विचारायला हवं होतं ते विचारलं. "अडीच वाजता नेमकं काय बघता?"

"रँक ट्रॅकर. कुठली साइट कितव्या नंबरवर, ते दाखवतो."

"तो कधी बदलतो?"

"दिवसातून एकदा. पहाटे सहाला."

"मग अडीचला काय दिसतं?"

बराच वेळ गप्प राहिला. "सहाचा आकडा अजून आलेला नाही, हे दिसतं."

मी त्याला स्किनरच्या कबुतरांची गोष्ट सांगितली. १९४८ साली या मानसशास्त्रज्ञाने आठ भुकेली कबुतरं पिंजऱ्यांत ठेवली आणि ठराविक वेळाने आपोआप दाणे येतील अशी सोय केली. कबूतर काही करो न करो, दाणे यायचेच. थोड्या दिवसांत आठांतल्या सहांना सवयी जडल्या. एक गोल गिरक्या घेई, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसल्यासारखं करी. दाणे येण्याच्या वेळी जे चाललं होतं त्यानेच दाणे आले, असं जणू धरून बसली होती ती.

निखिल पहिल्यांदा मनापासून हसला. "मॅडम, ही आमची अख्खी लाइन आहे." मग स्वतःच्या गिरक्या त्यानेच मोजल्या. मंगळवारी पान बदलायचं नाही. शीर्षकात आकडा टाकायचाच. आणि रात्री एकदा बघितलं की सकाळी घसरत नाही. ही शेवटची सांगताना आवाज एकदम खाली आला.

आम्ही विवेकनिष्ठ पद्धतीने काम करणारे लोक 'च'च्या मागे लागतो. या पद्धतीचा जनक अल्बर्ट एलिस, त्याला जे समजवायला वाक्यंच्या वाक्यं लागली, ते मराठीत एका अक्षरात बसतं. 'ग्राहक वर यावा' ही इच्छा झाली. 'ग्राहक वर आलाच पाहिजे, नाहीतर मी नालायकच' हा हुकूम झाला, आणि तो हुकूम गुगलला सोडलेला. गुगल कुठे ऐकतंय! निखिलला हे पटलं लगेच. पटणं सोपं असतं. अडीचला जाग येतेच.

खरी गाठ वेगळीच निघाली. कंपनीच्या सेल्सवाल्यांनी सोफ्यावाल्या शेठना 'तीन महिन्यांत पहिला नंबर' असा शब्द दिला होता. निखिल त्या मीटिंगमध्ये होता आणि गप्प बसला होता. शेठ रोज सकाळी फोन करत, "साहेब, आपण खाली का आलो?" त्या 'आपण'ने याच्या पोटात गोळा यायचा. म्हणजे सगळी चिंता अविवेकी नव्हती, थोडी प्रामाणिक माणसाची टोचणी होती. तिला विचारांच्या व्यायामाने घालवायला जाऊ नये असं माझं मत आहे. तिचं ऐकावं लागतं.

मग खोलीत आम्ही फोनची तालीम केली. मी शेठ. पहिल्या खेपेला त्याने मला सात वेळा सॉरी म्हटलं. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "शेठ, पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच लिहून ठेवलंय. सुधारणा दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, हेही त्यांचंच. तेव्हा मी बोललो नाही, माझं चुकलं. मी काय काय केलंय ते दाखवतो." मी शेठच्या आवाजात ओरडले. तो अडखळला, पण वाक्य पुरं केलं.

'मी काय काय केलंय' हे दाखवायचं कसं, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते तासगावहून आलं. निखिलच्या वडिलांची, अण्णांची, द्राक्षबाग आहे. सुट्टीत गावी गेला तेव्हा अण्णांची फवारणीची वही हाती लागली. ऑक्टोबर छाटणीपासून रोजची ओळ: तारीख, औषध, प्रमाण, किती लिटर पाणी. निर्यातीचा माल असला की ही नोंद लागतेच. पण अण्णांनी शेवटी एक रकाना स्वतःचा आखला होता, 'पाऊस'. फुलोऱ्यात अवकाळी आला, दावण्या रोग पडला, तर ते तिथे. याने विचारलं, "हे कशाला?" अण्णा म्हणाले, "म्हंजी माल गेला तर कशानं गेला ते कळतंय. न्हाईतर मानूस सगळं आपल्याच डोक्यावर घेतंय, न्हाईतर सगळं पावसावर ढकलतंय."

हे ऐकून मी पेन खाली ठेवलं. मी पाच भेटींत घसा कोरडा करून जे सांगत होते, ते या माणसाने पट्टी-पेन्सिलने आखून ठेवलं होतं.

निखिलने तशीच वही केली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी. एक्सेलमध्ये नको, वहीच, हा त्याचा हट्ट. कोणतं पान बदललं, काय दुरुस्त केलं, काय करायचं राहिलं. 'राहिलं' हा रकाना मी घालायला लावला, नाहीतर सगळं पावसाच्या नावावर खपायचं. शेठना महिन्याचा हिशोब त्याच वहीतून. शेठ धंदेवाला माणूस, वही त्यांना कळली. ओरडले, पण टिकले. दुसरा ग्राहक सोडून गेला.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. गुगलने भारतात निकालांच्या वर एआयने लिहिलेलं उत्तर दाखवायला सुरुवात केली होती. लोक ते वाचूनच निघून जातील, खालच्या साइटवर येतील कशाला, अशी सगळ्या लाइनला धास्ती. "मॅडम, दहा वर्षांनी हे काम असेल का?" मला काय माहीत! तसंच सांगितलं. झोपेचं विचारलं. जाग अजून येते म्हणाला, आठवड्यातून एखाद्या वेळी. उठतो, पाणी पितो, मुलीचं पांघरूण सरकलेलं असतं ते नीट करतो. कधीकधी फोनही बघतो.

शेवटच्या भेटीत वही दाखवायला घेऊन आला होता. 'पाऊस'च्या रकान्यात ऑगस्टपुढे 'एआय' एवढंच लिहिलेलं, शेजारी प्रश्नचिन्ह. निघताना दारात थबकला.

"मॅडम, एक सांगू? तुमचं क्लिनिक गुगलवर पहिल्या पानावर नाहीये."

"माहीत आहे," मी म्हटलं. "बघते मी अधूनमधून."

"कधी?"

मी त्याला उशीर होत असल्याची आठवण करून दिली.