प्रकाश सापळा रात्री दहाला आपोआप बंद व्हायला हवा? टायमर घेण्याआधी कंट्रोलर पाहा

प्रश्न (कळमेश्वर तालुका, सोयाबीन आणि हरभरा): किडींचे पतंग पकडायला बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रकाश सापळा घेतला, वर छोटं सोलर पॅनल आहे. वावर घरापासून दोन किलोमीटर. रात्री जाऊन बंद करणं जमत नाही, म्हणून तो सकाळपर्यंत जळतो. एका हंगामात बॅटरी बसली. दुकानदार म्हणतो मोठी बॅटरी टाका. आपोआप बंद होणारा स्वस्त टायमर मिळेल का?

उत्तर: भाऊ, मोठी बॅटरी घेऊ नका. तुमचा दिवा नको तेवढा वेळ जळतो आहे, मोठ्या बॅटरीनं तो आणखी जास्त वेळ जळेल, एवढंच.

हिशोब साधा आहे. दहा वॅटचा दिवा बारा व्होल्टवर सुमारे पाऊण ते एक अँपिअर ओढतो. संध्याकाळी सात ते सकाळी सहा धरले तर अकरा तासांत नऊ अँपिअर-तासांच्या वर जातात. तुमच्या सापळ्यात बहुतेक सात अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असेल, फवारणी पंपात असते तशीच. म्हणजे ती रोज पूर्ण पिळून निघते. शिशाची बॅटरी निम्म्यापर्यंत वापरली तर टिकते. रोज तळापर्यंत उतरवली आणि पावसाळी ढगांत दोन-तीन दिवस तशीच राहिली, की प्लेटांवर सल्फेट साचतं आणि पुढे ती चार्ज धरत नाही. तोच दिवा तीन तास चालवला तर अडीच अँपिअर-तास लागतात. तुमच्याच बॅटरीला ते आरामात झेपतं.

आता पिकाचं. सापळा रात्रभर चालवायचा नाही, हे मी प्रत्येक शेतीशाळेत सांगतो आणि प्रत्येक गावात चार सापळे सकाळी सहाला जळताना दिसतात. सोयाबीनवरची तंबाखूची पाने खाणारी अळी, हरभऱ्यावरची घाटे अळी, यांचे पतंग अंधार पडल्यावर पहिल्या तीन-चार तासांत भरपूर येतात. दिवा त्यानंतरही जळत राहिला तर क्रायसोपासारखे मित्रकीटकही दिव्याखालच्या त्याच पाण्याच्या घमेल्यात बुडतात. तुमच्या अळीची अंडी खाणारा किडा तुम्हीच मारता, मग फवारणी वाढते, आणि ती वाढली की कोणाचा गल्ला भरतो ते तुम्हीच ओळखा. दिवे लागणीपासून रात्री दहापर्यंत. दहा म्हणजे दहा.

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी मात्र प्रकाश सापळ्यावर विसंबू नका. तिथे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे कामगंध सापळेच लावा, हेक्टरी पाच. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, तरच फवारणीचा विचार करा.

आता टायमर. तो विकत घ्यायच्या आधी सापळ्याच्या डब्यात डोकावा. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा छोटा सोलर चार्ज कंट्रोलर असतो, बाजारात तीनशे-चारशेच्या आसपास मिळतो तोच, निळा किंवा काळा, दोन-तीन बटणं आणि छोटा पडदा. बहुतेकांमध्ये टायमर आधीपासून असतो. दुकानदार सांगत नाही, कारण सांगितलं तर टायमर खपत नाही. मेनूचं बटण दाबत गेलात की दिव्याच्या चित्राशेजारी तासांचा आकडा येतो. बहुतेक ठिकाणी तिथे २४ ठेवला असतो, म्हणजे दिवा कायम चालू. शून्य ठेवला तर अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत. १ ते २३ मधला आकडा ठेवला तर अंधार पडल्यावर तेवढे तास जळून दिवा बंद. पॅनलचा व्होल्टेज उतरला की कंट्रोलरला रात्र झाल्याचं कळतं, वेगळं घड्याळ लागत नाही.

आपल्याकडे जुलैत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा ३ ठेवा. ऑक्टोबरनंतर सहाच्या आत अंधारतं, तेव्हा ४. हंगामात दोनदा बटण दाबायचं, काम झालं. मी हाच मार्ग सुचवतो. इतर उपाय पाहिले, सोपं आणि स्वस्त यापेक्षा दुसरं सापडलं नाही.

त्याच मेनूत बॅटरी कमी झाली की दिवा तोडणारा व्होल्टेजचा आकडा असतो. दुकानातून येताना तो बऱ्याचदा १०.७ असतो. तो ११.२ वर आणा. साडेदहाच्या खाली तर शिशाची बॅटरी कधीच जाऊ देऊ नका. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी दिवा. सोडवताना याच्या उलट. हा क्रम चुकवून कंट्रोलर जाळलेले मी बरेच पाहिले आहेत, आणि दुकानदार त्याची वॉरंटी देत नाही.

पॅनल नसेल, बॅटरी घरी चार्ज करून वावरात नेत असाल, तर मात्र टायमर लागेल. तेव्हा दुकानात नीट बोला: “बारा व्होल्ट डीसीचा डिजिटल प्रोग्रॅमेबल टायमर.” इथेच फसवणूक होते. पथदिव्यांसाठी आणि बोअरच्या मोटरसाठी विकला जाणारा टायमर दिसायला हुबेहूब तसाच असतो, फरक फक्त बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या आकड्याचा. तो २३० व्होल्टवर चालतो, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालत नाही. नागपुरात सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत बारा व्होल्टचा मिळतो, पण मागितल्याशिवाय समोर येत नाही. आकडा स्वतः वाचा. चष्मा घरी राहिला असेल तर पोराला सोबत न्या. दुकानदार “चालते भाऊ, काही होत नाही” म्हणाला, तरी आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. काही टायमरमध्ये रिलेचे, म्हणजे आतल्या स्विचचे, पॉइंट मोकळे असतात. तिथे बॅटरीची प्लसची वायर त्या पॉइंटमधून दिव्याकडे न्यावी लागते. हे माहीत नसल्यामुळे “टायमर खराब आहे” म्हणून परत करणारे भेटतात. बॅटरीजवळ प्लसच्या वायरवर दोन-तीन अँपिअरचा फ्यूज टाकाच.

सुट्या सर्किट बोर्डवरचा पन्नास-साठ रुपयांचा विलंब टायमर घेऊ नका. त्यातले पुष्कळसे काही सेकंद ते काही मिनिटांपुरतेच असतात. मोठा कॅपॅसिटर टाकून तासांवर नेता येतात, पण उन्हात आणि ओलीत त्यांची वेळ भरकटते. एका गावात मेकॅनिकनं जुन्या वॉशिंग मशीनचा चावीचा टायमर बसवून दिला होता. तो पंधरा मिनिटांत फिरून थांबला. संध्याकाळी सात वाजता वावरात जाऊन पंधरा मिनिटांसाठी चावी फिरवण्यात काय अर्थ आहे?

कृषी सेवा केंद्रवाले आणखी दोन गोष्टी सांगतात, त्याही ऐकू नका. एक, “मोठा हॅलोजन लावा, जास्त पतंग येतील.” बॅटरी तासा-दोन तासांत संपते आणि बरेच पतंग घमेल्यात पडण्याऐवजी बाजूच्या झाडांवर बसतात. दोन, घमेल्यात कीटकनाशक ओता. गरज नाही. साबणाचं पाणी पुरतं. तेच पाणी कोंबड्या नि शेळ्या पितात, पोरं त्यात हात घालतात. साबणाचं पाणी, बस. औषध नाही, एक थेंबसुद्धा नाही.

आणि सापळ्यात पन्नास पतंग दिसले म्हणून दुसऱ्या दिवशी फवारणी करू नका. सापळा अंदाज देतो, फवारणीचा हुकूम देत नाही. झाडांवर उतरून अळ्या मोजा, नुकसान पाहा, मग ठरवा. या एका चुकीवर जिल्ह्यात जेवढं औषध वाया जातं तेवढं पावसाच्या चुकीवरही जात नसेल, असं मला वाटतं.

काटोलहून दुसरा प्रश्न आहे: संत्र्यात फळातला रस शोषणाऱ्या पतंगासाठी हाच सापळा आणि हाच टायमर चालेल का? सापळा लावा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. पडलेली फळं रोज उचलून गाडा आणि धुऱ्यावरची गुळवेल, वासनवेल काढा. त्या पतंगाच्या अळ्या त्याच वेलींवर वाढतात, आणि टायमर कितीही चांगला असला तरी वेल धुऱ्यावर उभा असेल तर उपयोग नाही.

तिसरा: रानडुकरांसाठीच्या झटका मशीनला हा टायमर लावू का? नको. झटका रात्रभर लागतो. त्यासाठी कंट्रोलरमध्ये शून्य ठेवा, म्हणजे अंधार ते उजेड. आणि कुंपणाच्या तारेत घरची वीज थेट सोडण्याचा विचारही मनात आणू नका. तो गुन्हा आहे आणि त्यानं माणसं मरतात.

योजनेबद्दल थोडक्यात: नुसत्या टायमरसाठी अर्ज करत बसू नका, तेवढ्यासाठी फेऱ्या परवडत नाहीत. अवजारांच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक हवा, आणि पूर्वसंमती आल्याशिवाय बिल फाडू नका. बाकी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहाय्यक) विचारा.

आता आजच एक करून पाहा. सापळा घरी आणा, कंट्रोलरमध्ये १ ठेवा आणि पॅनलवर जाड पोतं टाका. काही कंट्रोलर दहा-पंधरा मिनिटं खात्री करून घेतात, तेव्हा दिवा लगेच पेटला नाही तर घाई करू नका. पेटल्यावर मोबाइलवर वेळ बघा. तासाभरानं विझला तर आकडा ३ (ऑक्टोबरनंतर ४) करून सापळा वावरात न्या. विझलाच नाही तर कंट्रोलरचा फोटो आणि त्यावरचा आकडा सहायक कृषी अधिकाऱ्याला पाठवा. टायमर तोपर्यंत घेऊ नका.