मगवर छपाई करताना सगळीकडे सारखी उष्णता कशी मिळेल?

तुमच्या सब्लिमेशन प्रेसमध्ये (कागदावरच्या शाईची उष्णतेने वाफ करून ती मगवर उमटवणारे यंत्र) मगचा मधला भाग ठळक उमटतो, तळाकडची कड आणि कानालगतचा भाग फिकट राहतो, आणि तापमान वाढवले की मधला काळा रंग तपकिरी पडतो, असे तुम्ही लिहिले आहे. मध्यभागाला आधीच पुरेशी उष्णता मिळत असल्यामुळे तापमान आणखी वाढवून उपयोग होणार नाही. दोष प्रेसचा आहे की मगचा, हे आधी ठरवायला हवे.

त्यासाठी मी एक साधी चाचणी करतो. कागदावर एकच करडा रंग सपाट छापून तो मगभोवती घट्ट गुंडाळायचा आणि नेहमीप्रमाणे छपाई करायची. नंतर त्याच खेपेतला दुसरा मग उलट्या दिशेने, म्हणजे तोंडाच्या जागी तळ येईल असा ठेवून, तेवढ्याच तापमानावर आणि तेवढ्याच वेळात छापायचा. फिकट पट्टा आता तोंडाकडे सरकला, तर प्रेसची तापपट्टी, म्हणजे मगभोवती आवळली जाणारी तापणारी पट्टी, त्या बाजूला कमी तापते किंवा नीट आवळली जात नाही, असे समजावे. दोन्ही वेळा तो तळाशीच राहिला, तर कारण मगमध्ये आहे: बहुतेक मग तळाशी जाड असतात, त्यामुळे तो भाग उशिरा तापतो, शिवाय मग थोडा जरी निमुळता असला, तरी तिथे कागद आणि पृष्ठभाग यांच्यात फट राहते. ही फट मला सर्वांत त्रासदायक वाटते, कारण शाईची वाफ तिथे मगवरच्या शाई धरणाऱ्या लेपात न शिरता पसरते आणि कडा धूसर होतात. कागद उष्णता सहन करणाऱ्या टेपने ताणून बसवावा आणि दाब थोडा वाढवावा. मात्र मग तडकेल इतका नको.

तळ जाड असेल, तर तापमान न वाढवता वेळ वाढवावा. ही छपाई साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला होते. त्यातले खालचे तापमान निवडून जास्त वेळ दिला, तर मध्यभाग न करपता उष्णता जाड भागापर्यंत पोहोचते. थंड मग आत ठेवताच तापपट्टीचे तापमान उतरते, म्हणून वेळ मोजायची ती तापमान पुन्हा ठरलेल्या अंकावर आल्यानंतरच. पडद्यावरचा आकडाही फक्त संवेदक जिथे बसवला आहे त्या जागेचा असतो, हे लक्षात ठेवावे.

कानालगतची गोष्ट वेगळी आहे. तापपट्टीची दोन टोके तिथे एकमेकांना भिडत नाहीत, त्यामुळे दाब किंवा वेळ बदलून ती जागा भरून निघत नाही. चित्र कानापासून थोडे अलीकडेच थांबवावे. अगदी कानापर्यंत छपाई हवीच असेल, तर मगला सिलिकॉनचे आवरण घट्ट बसवून तो पंखा असलेल्या ओव्हनमध्ये तापवावा, मगांमध्ये हवा खेळेल इतके अंतर ठेवावे, आणि तो ओव्हन पुन्हा स्वयंपाकासाठी वापरू नये.