बँकेच्या परीक्षा द्यायच्यात, मग एनएसएसचं शिबिर कशाला?

पत्र थोडक्यात: मुलगी पुण्यात एस.वाय.बी.कॉम.ला आहे. पहिल्या वर्षापासून राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) आहे. डिसेंबरात मुळशीकडच्या एका गावात सात दिवसांचं निवासी शिबिर आहे. तिला पुढे बँकेच्या परीक्षा द्यायच्या आहेत. पोती भरून आणि पथनाट्यं करून नोकरीत काय फायदा? त्यापेक्षा सरकारच्या दहा हजार रुपये विद्यावेतनाच्या योजनेत तिचं नाव घातलं तर? – एक आई, हडपसर

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते सरळ आहे. तुम्ही म्हणता ती मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना, २०२४ साली सुरू झालेली. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा अधिवास, आधारशी जोडलेलं बँक खातं आणि महास्वयं पोर्टलवर नोंदणी, या तिच्या अटी. बारावी उत्तीर्णांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये मिळतात. पण शिक्षण चालू असलेला विद्यार्थी तिथे बसत नाही. म्हणजे दहा हजारांचा विचार निकाल हातात आल्यावर. आत्ता ती वाट बंद आहे, त्यामुळे शिबिराशी तिची तुलनाच होत नाही.

आता एनएसएस. स्पष्ट सांगतो: बँकेच्या किंवा एमपीएससीच्या लेखी परीक्षेत या प्रमाणपत्राचा एकही गुण वाढत नाही. तसं सांगून मुलांना शिबिराला नेणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. तरीही माझं मत तिने जावं असंच आहे. मात्र नुसती हजेरी लावायला नको.

प्रमाणपत्राचं गणित असं. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि त्या दोन वर्षांत किमान एक सात दिवसांचं विशेष शिबिर. तिचं दुसरं वर्ष चालू आहे. पहिल्या वर्षी शिबिर झालं नसेल, तर हे सोडल्यावर आधीचे सगळे तास असून प्रमाणपत्र हुकेल. आणि ही जागा मागाहून मिळत नाही: शंभर स्वयंसेवकांच्या एककातून शिबिराला साधारण पन्नासच जातात.

मुलांचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा कागदावर. रविवारी टेकडीवर झाडं लावली, वारीत निर्माल्य आणि कचरा उचलला, पण कार्यदैनंदिनीत तारीख, तास आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही नाही. मार्चमध्ये बेरीज केली की १७० तास भरतात. लेकीला आजच डायरी काढून बेरीज करायला सांगा. नाव आणि पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी) क्रमांक गुणपत्रिकेवर आहेत तसेच विद्यापीठाला गेलेल्या यादीत आहेत का, हेही पाहायला सांगा. आडनावातली एक वेलांटी चुकली तरी पुढे कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर उभं राहायला लागतं. आणखी एक गोंधळ नव्या शैक्षणिक धोरणामुळे वाढला आहे. सहशैक्षणिक विषय म्हणून क्रेडिटसाठी एनएसएस निवडणं वेगळं आणि एककात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदलेलं असणं वेगळं. तिचं नाव एककात नोंदलेलं आहे ना, याची खात्री करा.

शिबिरात शिकण्यासारखं काय असतं? या दिवसांत बरीच महाविद्यालयं वनराई बंधारा, म्हणजे ओढ्यावर मातीच्या पोत्यांचा तात्पुरता बांध, घालतात, कारण पावसाळ्यानंतर ओढ्याची धार बारीक झालेली असते. सिमेंटची रिकामी पोती मातीने भरायची, पण तोंडापर्यंत नाही. पाऊण भरून शिवली तर ती एकमेकांवर नीट बसतात. गच्च भरलेलं पोतं गोल होतं आणि घरंगळतं. थर विटांसारखे, सांध्यावर सांधा येऊ न देता. फटीत चिकणमाती. सगळ्यात जास्त फसगत काठाशी होते: दोन्ही बाजूंना खाच घेऊन पोती आत नेली नाहीत, तर पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठ पोखरत निघून जातं. दहा जणांच्या गटाकडून हे करून घेणं, दमलेल्यांना हलवणं, गावातल्या जाणत्याचं ऐकून जागा बदलणं, हे कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

तुमची लेक कॉमर्सची आहे, म्हणून तिला माझा खास आग्रह: शिबिराची रोखवही मागून घे. सात दिवस पन्नास जणांचा शिधा, भाजी, गॅस, टेम्पो, पाट्या-फावडी, पाहुण्यांचा चहा, सगळं आगाऊ उचललेल्या रकमेतून चालतं आणि त्याचा हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून उपयोगिता प्रमाणपत्रासह द्यावा लागतो. भाजीवाल्याच्या चिठ्ठीवर तारीख नसते, टेम्पोवाला पावती देत नाही. मग व्हाउचर करून त्याची सही घ्यायची, रोख रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचा, आणि रोज रात्री जेवणं आटोपली की पेटीतली रोकड वहीशी जुळवूनच झोपायचं. चाळीस रुपयांचा फरक त्याच रात्री सापडतो, आठवड्याने नाही. बँकेच्या मुलाखतीत ‘कॉलेजात काय केलं?’ असं विचारल्यावर तिच्याकडे सांगण्यासारखं खरं काम असेल. बायोडाटात ‘एनएसएस शिबिरात सहभाग’ ही ओळ हजारोंची असते. ‘पन्नास जणांच्या सात दिवसीय शिबिराची रोखवही व व्हाउचर सांभाळले, हिशेब लेखापरीक्षणात मान्य’ ही ओळ तिची एकटीची असेल.

यापुढे राज्यपातळीचे दरवाजेही आहेत. ‘आव्हान’ हे आपत्ती व्यवस्थापनाचं राज्यस्तरीय शिबिर दहा दिवसांचं असतं आणि प्रशिक्षण एनडीआरएफचे, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे, जवान देतात. त्यांची पाचवी बटालियन आपल्याच जिल्ह्यात, तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. दोरीच्या गाठी, जखमीला उचलण्याच्या पद्धती, सीपीआर, सगळं हाताने करून घेतात. ‘उत्कर्ष’ ही एनएसएसची सामाजिक-सांस्कृतिक स्पर्धा. दोन्हींसाठी महाविद्यालयातून नाव जाऊन विद्यापीठाच्या संघात निवड व्हावी लागते. सूचना बऱ्याचदा अगदी तोंडावर येते, म्हणून फोटो, ओळखपत्र आणि वैद्यकीय दाखला तयार ठेवलेला बरा. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन संचलनाचं मी तिला सुचवणार नाही. त्यात अख्खा जानेवारी जातो, आणि बँकेच्या तयारीला ते परवडणारं नाही. आव्हान मात्र परवडतं.

अभ्यासाचं म्हणाल तर शिबिरात रोज दोन तास बसता येईल, ही आशा नको. पहाटेपासून रात्रीच्या कार्यक्रमांपर्यंत वेळ भरलेला असतो. जाण्याआधीच्या दोन आठवड्यांत रोज एक तास जास्त बसली तर चौदा तास आधीच भरून निघतात.

मुलगी म्हणून तुम्हाला वाटणारी काळजी रास्त आहे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी कार्यक्रम अधिकाऱ्यांना फोन करून विचारा: मुक्कामी महिला प्राध्यापक कोण, मुलींचा मुक्काम शाळेत की ग्रामपंचायतीच्या सभागृहात, स्वच्छतागृहं किती, पाणी कुठून, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर. चांगले अधिकारी या प्रश्नांनी रागावत नाहीत. त्यांनी गावाची पाहणी आधीच केलेली असते. उत्तरं गुळमुळीत आली तर प्राचार्यांना भेटा. सगळं नीट असेल तर त्याच फोनवर लेकीसाठी रोखवहीचं काम मागून ठेवायला विसरू नका, कारण ती जबाबदारी शिबिराच्या पहिल्याच बैठकीत वाटली जाते.