सोलापूरहून जर्मनीला: विमान कुठलं धरावं

स्टुटगार्टला नोकरी मिळाली, मनापासून अभिनंदन. तुम्ही विचारलंय की बायको आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन निघायचंय, आई काही महिन्यांनी एकट्या येणार आहेत, तर लुफ्तान्सा, एअर इंडिया, एमिरेट्स, कतार यांत आराम कुठे आणि माणसाला नीट वागवतं कोण? माझं उत्तर आधीच सांगते. थेट विमान घ्या आणि शेवटच्या गावापर्यंत एकच तिकीट काढा. त्यासाठी जेवण थोडं कमी चवीचं मिळालं तरी चालेल.

खुर्चीचं म्हणाल तर कंपनीच्या नावाआधी विमान कुठलं आहे ते बघा. बोइंग ७७७ मध्ये बहुतेक कंपन्या एका ओळीत तीन-चार-तीन अशा दहा खुर्च्या बसवतात, त्यामुळे एकेक खुर्ची जेमतेम १७ इंच रुंद होते. एअरबस ए३५० मध्ये तीन-तीन-तीन अशी रचना असते आणि खुर्ची १८ इंचाच्या आसपास. तुम्ही तिघं आहात, म्हणजे अख्खी रांग तुमची. मध्ये कोणी परका नाही, मुलगी आडवी झाली तरी कोणाची बोलणी खावी लागत नाहीत. शिवाय ए३५० आणि बोइंग ७८७ या विमानांत आतला हवेचा दाब सुमारे ६,००० फुटांवर असतो तसा ठेवतात, जुन्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंत जातो. उतरल्यावर डोकं जड होणं, घसा कोरडा पडणं यात फरक जाणवतो. बुकिंग करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचा.

आता सेवा. आतली आपुलकी एमिरेट्स आणि कतारची जास्त, हे मी मोकळेपणानं मान्य करते. मुलांना खेळणी देतात, हसून बोलतात, हिंदी समजणारं कोणीतरी असतंच. लुफ्तान्साची माणसं नियमाला धरून वागतात. उद्धट नाहीत, पण लाडही करत नाहीत. एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे परत आल्यापासून सुधारते आहे, पण जुन्या विमानांचं आतलं काम पूर्ण व्हायला वेळ लागतोय. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केल्यापासून त्यांना युरोपला लांबून वळसा घालावा लागतो. परदेशी कंपन्यांना ती बंदी नाही.

पण सेवा खरी कळते ती गडबड झाल्यावर. माझ्या जावेनं पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली होती, आखातापर्यंत एका कंपनीचं, तिथून युरोपला दुसऱ्या कंपनीचं. पहिलं विमान चार तास उशिरा पोचलं. दुसऱ्या कंपनीनं सरळ सांगितलं की तुम्ही वेळेवर आला नाहीत, तिकीट गेलं. पहिली कंपनी म्हणाली, आम्ही तुम्हाला इथपर्यंत आणलं, आमचं काम संपलं. बॅगा पट्ट्यावर फिरत होत्या, पण त्या देशाचा व्हिसा नसल्यानं बाहेर जाऊन त्या घेता येईनात. कडेवर मूल घेऊन ती रात्रभर विनवण्या करत होती. तेच एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, असतं तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी असती आणि बॅगा आपोआप पुढे गेल्या असत्या. म्हणून सांगते, पंधरा-वीस हजार वाचतात म्हणून हे करू नका. माझी कळकळीची विनंती आहे.

कायद्याचा भागही इथेच येतो आणि तो फारच थोड्या लोकांना ठाऊक असतो. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात कंपनीच्या चुकीनं मोठा उशीर झाला, तर माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. भारतातून निघताना हा हक्क फक्त युरोपीय कंपनीच्या विमानात मिळतो. एमिरेट्स, कतार, एअर इंडियानं भारतातून गेलात तर नाही. युरोपातून परत येताना मात्र कुठलीही कंपनी असो, लागू होतो. तिकिटावर एका कंपनीचा नंबर आणि प्रत्यक्ष विमान दुसरीचं, असंही असतं, तेव्हा विमान कोण चालवतंय ते बघा. लुफ्तान्सातही संप होतात, २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनी वारंवार केले. एमिरेट्स किंवा कतारनं आखातात विमान बदलून जाताना वेगळी जोखीम असते: जून २०२५ मध्ये कतारची हवाई हद्द अचानक बंद झाली आणि हजारो प्रवासी वाटेत अडकले.

सोलापूरकर सवयीनं मुंबईच धरतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं गेलात तर पहाटे मुंबईत, आणि युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतरची. अख्खा दिवस लेकराला घेऊन कुठे काढणार? हैदराबादचा विचार करा. नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करत गाडी आउटर रिंग रोडला लागली की शहरात न शिरता थेट शमशाबादचा विमानतळ. अंतर मुंबईपेक्षा कमी. लुफ्तान्सानं २०२४ पासून हैदराबाद-फ्रँकफर्ट थेट विमान सुरू केलंय, एमिरेट्स आणि कतारही तिथून जातात. पोचवायला सगळे क्रूझरमधून येतीलच, त्यांनाही लगेच घरी परतता येईल.

फ्रँकफर्टहून स्टुटगार्टला विमानतळाखालूनच आयसीई ही जलद रेल्वे मिळते, सव्वा तासाच्या आसपास लागतो. लुफ्तान्साच्या तिकिटात तीही जोडून घेता येते. मात्र बॅगा तुम्हालाच ओढाव्या लागतात, तेव्हा पाच-सहा बोचकी करू नका.

सामान लुफ्तान्सा नगावर मोजते, आखाती कंपन्या या मार्गावर किलोवर. नेमका आकडा भाड्याच्या प्रकारावर असतो, तो तिकिटावर वाचा. दोन वर्षांवरच्या मुलाचं वेगळं तिकीट लागतं आणि सामानही मोठ्यांइतकं नेता येतं, हे विसरू नका. चाटी गल्लीतून चादरी घ्याल तर एक-दोनच, त्या भारी वजन खातात. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या. तूप, पेढे नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत टाकू नका, सुरक्षा तपासणीत काढून टाकतात. पॉवर बँक कायम हातातल्या पिशवीत. बॅग आली नाही किंवा फुटली, तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा फॉर्म, नोंदवा. फुटल्याची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करायची असते.

जेवण शाकाहारी हवं असेल तर बुकिंगमध्ये 'एशियन व्हेजिटेरियन' निवडा. 'हिंदू मील'मध्ये चिकन किंवा मटण येऊ शकतं, आणि आपल्याकडची वयस्कर माणसं नावावर विश्वास ठेवून तेच मागतात.

आईंसाठी तर थेट विमानाला पर्यायच नाही. चालता येत असलं तरी व्हीलचेअर मागा, तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी. त्यात कमीपणा काही नाही. व्हीलचेअरवाला माणूस इमिग्रेशनपासून बॅगांच्या पट्ट्यापर्यंत सोबत राहतो, भाषा येत नसलेल्या आईला तोच खरा आधार. फ्रँकफर्टला तुम्ही स्वतः घ्यायला जा, रेल्वेत त्यांना एकट्या बसवू नका. तुमचा फोन नंबर आणि पत्ता मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेवा, मोबाइलवर विसंबू नका. तारखा ठरल्या की तिकीट पक्कं करण्याआधी मला पाठवा, विमान कुठलं आहे ते बघून सांगते.