ही खरखर नेमकी कुणाची?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही एक अल्बम सुचवून तुमची मतं मागवली होती. नॉर्वेच्या डार्कथ्रोन या बँडचा ‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’, साल १९९४. आठ गाणी, सुमारे ३९ मिनिटं. रॉ ब्लॅक मेटलचा, म्हणजे मुद्दाम कच्च्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या अतिद्रुत मेटलचा, विषय निघाला की ज्या अल्बमवरून हमखास वाद होतो, त्यातला हा एक. इंदूरच्या वाचकांनी मोकळेपणानं लिहिलंय, बरेच जण चिडलेत. चिडायला हरकत नाही. पण ज्या आवाजावर चिडलात तो अल्बमचाच होता की तुमच्या मोबाइलचा, एवढं आधी पाहून घेऊ.

प्रश्न : सिंबलच्या जागी नुसतं ‘श्श्श’ ऐकू येतं आणि तेही मध्येच गरगरतं. फाइल खराब आहे की अल्बमच असा आहे? (राजेंद्रनगर)

‘श्श्श’ अल्बमचं आहे, गरगर फाइलची. एमपीथ्री करताना कानाला जे फारसं जाणवणार नाही ते टाकून देतात. सुरेल, स्थिर आवाजात अशी काटछाट सहज पचते. पण सिंबल (ड्रमच्या झांजा) आणि फाटलेल्या आवाजाची गिटार जवळजवळ गोंगाटाच्या जातीची. त्यात टाकाऊ काय आणि ठेवायचं काय हे ठरवणं सॉफ्टवेअरला जड जातं. १२८ केबीपीएसच्या फाइलमध्ये साधारण १६ हजार हर्ट्‌झच्या वरचं सगळं कापलेलं असतं आणि खालचं तुकड्यातुकड्यांनी येतं-जातं. गरगर होते ती त्यामुळे. म्हणून हे संगीत ३२० केबीपीएसला किंवा सरळ काहीही न टाकणाऱ्या फ्लॅक फाइलवर ऐका. लता मंगेशकरांचं गाणं १२८ वर चालून जाईल, हे चालणार नाही. रॉ रेकॉर्डिंगला चांगली फाइल कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. गोष्ट नेमकी उलटी आहे.

मग आपल्या बाजूचे दोष काढा. मोबाइलमधले बेस बूस्ट आणि सराउंडसारखे पर्याय बंद करा. गाणं पॉज करा, खरखर चालूच राहिली तर ती तुमच्या अँप्लिफायरची. पॉज केल्याबरोबर थांबली तर रेकॉर्डिंगमधली. ब्लूटूथ वापरत असाल तर एकदा वायरचे इअरफोन लावून तोच अर्धा मिनिट ऐका, कारण फाइल आधीच दाबलेली असते आणि ब्लूटूथ ती पुन्हा दाबतं. एवढं करूनही आवाज कोरडा, पातळ आणि बोचरा लागला तर तो डार्कथ्रोनचाच. त्यांना तो तसाच हवा होता.

प्रश्न : बेस गिटार आहे तरी का? माझ्या स्पीकरचा वूफर गेला की काय असं वाटलं. (सुदामानगर)

वूफर शाबूत असावा. या अल्बममध्ये बेस खूप मागे आहे आणि बहुतेक वेळ गिटारच्या मागोमाग जातो. वाद्यं सगळी एकट्या फेनरिझनं वाजवली आहेत, गळा नॉक्टर्नो कुल्टोचा. रेकॉर्डिंग घरच्या चार ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओवर झालं. हे यंत्र साध्या कॅसेटवरच चालतं. फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद आणि तिच्यात चार ट्रॅक बसवायचे. ट्रॅक अरुंद झाला की सिग्नल कमी पडतो आणि फितीची हिस्स, म्हणजे सततचा ‘स्स्स’ आवाज, वर येते. त्यात ड्रम आणि गिटार भरली की खालच्या पट्टीला फारशी जागा उरत नाही. ईक्यूवर (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करायच्या सोयीवर) बेस वाढवू नका, ढोलाची नुसती गुरगुर वाढेल. त्याऐवजी ३ ते ४ हजार हर्ट्‌झच्या आसपास दोन डेसिबल कमी करून पाहा. बोचरेपणा उतरला की खालचं आपोआप ऐकू येऊ लागतं.

प्रश्न : आठही गाणी एकसारखी आहेत. ड्रमर एकच ठेका धरून बसलाय. याला कलाकृती म्हणायचं? (स्नेहलतागंज)

तुम्ही अमीर खाँसाहेबांच्या गावचे, म्हणून तिथूनच सांगतो. अतिविलंबित झुमऱ्यात चौदा मात्रांचा ठेका पाऊण तास तोच राहतो आणि तबलजी एकसुरी वाजवतो अशी तक्रार कुणी करत नाही. ठेका धरून ठेवायला असतो. इथे ड्रमचं काम तेच. शीर्षकगीत सहा मिनिटांचं आहे आणि त्यात ब्लास्ट बीट जवळजवळ हलत नाही. किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (मधला कडक आवाजाचा ड्रम) आळीपाळीनं, अतिद्रुत, एकाच जोरानं. हालचाल बघायची ती गिटारमध्ये. एकेक सूर झरझर छेडत लांबवलेला, म्हणजे ट्रेमोलो पिकिंग, आणि त्यातून एक सावकाश, उदास चाल सरकत असते. हात प्रचंड वेगात, चाल संथ. ही विसंगती कानाला सापडली की अल्बम उघडतो.

करून पाहायचं असेल तर पहिलं गाणं लावा, ड्रमकडे कानाडोळा करा आणि गिटारची चाल गुणगुणा. जमली तर ते संगीत तुमच्यापर्यंत पोचलं. मग दुसरी गत (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) कुठे सुरू होते आणि पहिली किती वेळानं परत येते ते पाहा. चाल गुणगुणताच आली नाही तर आधी आवाज कमी करा, कारण मोठ्या आवाजात हा अल्बम चपटा होतो. तरीही काही हाती लागलं नाही, तर हा प्रकार तुमचा नाही. तसं निर्धास्त म्हणा.

आमचं मत विचाराल तर पहिली चार गाणी पक्की आहेत, उत्तरार्धात एक-दोन ठिकाणी गिटारचे तुकडे फक्त भरणा करतात. पण ‘सगळं सारखं’ ही तक्रार आम्हाला मान्य नाही.

प्रश्न : ७८च्या तबकड्यांमधली खरखर आम्ही प्रेमानं सहन करतो, कारण त्या काळी इलाज नव्हता. १९९४ साली इलाज होता. मग हा निव्वळ आव नाही का? (रामबाग)

प्रश्न चोख आहे. १९२५च्या आधी मायक्रोफोनच वापरात नव्हता, कर्ण्यात गावं लागे. तिथे खरखर ही नाइलाजाची. डार्कथ्रोननं मात्र निवड केली. त्यांचा १९९२चा ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ रीतसर स्टुडिओत झाला होता, म्हणजे स्वच्छ आवाज काय असतो हे त्यांना ठाऊक होतं. नॉर्वेच्याच बर्झम या एकट्याच्या बँडच्या ‘फिलोसोफेम’ची गोष्ट याहून टोकाची. रेकॉर्डिंग १९९३चं, प्रकाशन १९९६चं. गायकानं साउंड इंजिनिअरकडे असेल तो सर्वांत वाईट माइक मागितला, हाती आला हेडसेटचा माइक, आणि गाणी त्यावरच झाली. गिटारलाही गिटारचा अँप न वापरता घरगुती स्टिरिओचा अँप लावला.

पण निवड केली म्हणून ती बरोबरच ठरते असं नाही. कच्चेपणा चाल वाहून नेतो की चालीची उणीव झाकतो, एवढंच पाहायचं. आजकाल संगणकावर चकचकीत रेकॉर्ड करून वरून हिस्सचा थर देणारे अल्बम निघतात. ते ओळखणं अवघड नाही. खऱ्या फितीवर मोठा ठोका आला की बाकीचा आवाज क्षणभर दबतो, सुराला किंचित हेलकावा असतो, आणि दोन ट्रॅक एकत्र केले असतील तिथे हिस्स वाढलेली ऐकू येते. चिकटवलेली हिस्स पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच पातळीवर असते आणि तिच्याखाली स्नेअर काचेसारखा लख्ख.

दंतकथांनाही भुलू नका. नॉर्वेच्याच उल्वेर या बँडचा १९९७चा ‘नाटेन्स माद्रिगाल’ जंगलात जाऊन रेकॉर्ड केला असं अजून सांगितलं जातं. तसं काही झालेलं नाही.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, दिवसभर हेच ऐकतो. या लोकांनी चर्च जाळली, खून केला असं वाचलं. ऐकू द्यावं का? (लोकमान्यनगर)

ताई, वाचलंत ते खरं आहे. बर्गनजवळचं फान्टोफ्टचं लाकडी चर्च जून १९९२मध्ये जाळलं गेलं. ऑगस्ट १९९३मध्ये बर्झमच्या वार्ग विकेर्नेसनं मेहेम बँडच्या गिटारवादकाचा खून केला. पुढच्या वर्षी खून आणि चर्च-जाळपोळीसाठी त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली, नॉर्वेतली तेव्हाची सर्वांत मोठी. ज्या अल्बमची चर्चा चालली आहे त्यातल्या शेवटच्या चार गाण्यांचे शब्द त्याचेच आहेत, आणि मूळ वेष्टनाच्या मागे ‘नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल’ अशा अर्थाची ओळ छापली होती. त्यावर गदारोळ झाला, बँडला खुलासे करावे लागले.

बंदी घालू नका, पण मुलाला हे सगळं माहीत आहे का ते विचारा. बहुतेकांना असतं. डार्कथ्रोन ऐकणारा प्रत्येक जण त्या ओळीच्या बाजूचा नसतो, मात्र त्या ओळीचं कौतुक करणारे गटही आहेत. मुलगा कुठल्या गप्पांत आहे तिकडे लक्ष असू द्या. आवाजाचं म्हणाल तर ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा, मुलांसाठी ती ७५ डेसिबल. हेडफोन लावलेला असताना शेजारी बसून बोललेलं त्याला ऐकू येत नसेल तर आवाज जास्त आहे.

प्रश्न : कॅसेटवर भरून ऐकायचाय. घरी जुना डबल डेक आहे. काय काळजी घ्यावी? (नंदलालपुरा)

सी-६० घेऊ शकता, पण सी-४६ मिळाली तर नेमकी बसते. पहिली चार गाणी १८ मिनिटांच्या आत, पुढची चार सव्वाएकवीस मिनिटांत, आणि सी-४६ची एक बाजू २३ मिनिटांची. सी-९० टाळा, तिची फीत पातळ असते आणि जुन्या डेकमध्ये गुंतते. भरण्याआधी हेड आणि कॅप्स्टन (फीत ओढणारी दांडी) ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, रबराच्या चाकाला ते जपून लावा. सूर हेलकावत असेल तर बेल्ट सैल झालाय, तो बदला. डॉल्बी (हिस्स कमी करणारी सोय) भरताना बंद ठेवलं असेल तर ऐकतानाही बंदच हवं, नाहीतर वरची पट्टी मरते आणि या अल्बममध्ये मग काही उरतच नाही. दुसऱ्याच्या डेकवर भरलेल्या कॅसेटचा आवाज बोथट लागला तर हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी पाव फेऱ्याच्या आत फिरवून सिंबल सर्वांत उजळ लागतील तिथे थांबा. आधीची जागा शाईनं खूण करून ठेवा.

प्रश्न : आमचा तिघांचा बँड आहे. घरच्या १० बाय १२च्या खोलीत असा डेमो करायचाय. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक डायनॅमिक माइक आणि एक डिस्टॉर्शन पेडल आहे. कसा करावा? (वैशालीनगर)

पुरेसं आहे. क्रम असा ठेवा.

आधी ड्रम. माइक एकच, ड्रमसेटच्या समोर मीटरभर अंतरावर, छातीच्या उंचीला, तोंड स्नेअरकडे. सिंबल फार चढले तर माइक खाली आणा. टाइल्सची जमीन आणि उघड्या भिंती असतील तर माइकच्या मागे रजई टांगा, नाहीतर प्रत्येक ठोक्याला टणटण उमटेल. लेव्हल उणे १० ते उणे ६ डेसिबलपर्यंतच जाऊ द्या. इथे मुलं हमखास चुकतात. रॉ आवाज हवा म्हणून इनपुट लाल होऊ देतात. कॅसेटच्या फितीवर आवाज फार झाला तर तो हळू दबतो, डिजिटलमध्ये लाट सरळ कापली जाते आणि ती कटकट नंतर निघत नाही.

मग गिटार. पेडल थेट इंटरफेसला जोडलं तर आवाज भुंग्यासारखा येतो, कारण गिटारचा बारा इंची स्पीकर ५-६ हजार हर्ट्‌झच्या वर फारसं काही काढत नाही आणि तुमच्याकडे तो स्पीकरच नाही. ८ हजारावर लो-पास (त्याच्या वरचं कापणारा फिल्टर) लावा, १००च्या खाली कापा. पेडलचा गेन (आवाज फाडण्याचं बटण) पूर्ण चढवू नका, दोन तृतीयांशावर ट्रेमोलोचे सूर सुटे ऐकू येतात. तीच चाल दोनदा वेगवेगळी वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. एकाच टेकची कॉपी केली तर फक्त जोर वाढतो, रुंदी येत नाही. पिक एक मिलिमीटरचा, हालचाल मनगटातून. खांदा ताठला की तिसऱ्या मिनिटाला वेग पडतो, आणि फार जोरात छेडलं तर तार चढी बोलते.

हम (विजेची घुंघुं) येत असेल तर कारण शोधून काढा. गिटार घेऊन जागच्या जागी वळल्यावर हम कमी-जास्त झाला तर तो आसपासच्या विजेचा. बऱ्याचदा पंख्याचा रेग्युलेटर दोषी असतो, त्यामुळे टेक घेताना पंखा बंदच, उन्हाळ्यातसुद्धा. तारांना हात लावल्यावर वाढला तर गिटारचं अर्थिंग तपासा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गेला तर बॅटरीवर रेकॉर्ड करा. अर्थची पिन मात्र कधीही काढू नका. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर टेक घेऊ नका, त्याची झीं गिटारमध्ये पक्की बसते.

शेवटी गळा. माइक तोंडापासून पाच ते दहा सेंटिमीटर, एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटांहून जास्त नाही, मध्ये कोमट पाणी. घशात टोचायला लागलं की त्या दिवशी थांबायचं. कुजबुजीचा जोर वाढवत किंकाळीकडे जा, थेट ओरडायला गेलात तर दुसऱ्या दिवशी आवाज बसतो.

मिक्स झाल्यावर हिस्स हवी असेल तर ती सॉफ्टवेअरमधून आणू नका. सगळं एकदा कॅसेटवर भरा, डेकच्या लेव्हल मीटरची सुई शून्याच्या थोडी वर जाऊ द्या, आणि परत संगणकात घ्या. नंदलालपुऱ्याच्या वाचकाला वर सांगितलं तसा डेक आधी साफ करून घ्या.