पर्वती, पिठलं आणि ज्वालामुखी

गेल्या महिन्यात पुण्यातल्या बोअरवेलबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की आपण सगळे थिजलेल्या लाव्हावर घरं बांधून राहतो. त्या एका वाक्यावर ढीगभर पत्रं आली. त्यातली चार घेते. बाकीच्यांनी रागावू नये, बरेचसे प्रश्न यातच येतात.

‘नातवाला घेऊन पर्वती चढत होतो. निम्म्यात थांबून तो म्हणाला, आजोबा, हा ज्वालामुखी होता का? मला दम लागला होता, मी हो म्हटलं. बरोबर सांगितलं ना?’ (एक आजोबा, सदाशिव पेठ)

नाही हो. पर्वती, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, अगदी सिंहगडसुद्धा, यातला एकही डोंगर ज्वालामुखी नव्हता. दगड मात्र सगळा ज्वालामुखीचा. इथेच सगळ्यांची गल्लत होते.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि त्यातून लाव्हा ओसंडून सपाट पसरला. एक थर निवायचा, त्यावर दुसरा यायचा. थालीपिठांची चवड डोळ्यांपुढे आणा. मधे मोठा खंड पडला तर वरच्या थराची झीज होऊन माती व्हायची, आणि पुढच्या लाव्हाखाली ती भाजून निघायची. घाटरस्त्यात काळ्या कातळात मधेच विटकरी पट्टा दिसतो, तो बहुधा हाच. ही चवड आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. पुढे पावसाने आणि ओढ्यांनी ती कोरली, आणि जे कोरायचं राहिलं त्याला आपण डोंगर म्हणतो. म्हणजे पर्वती वर आलेली नाही, तिच्या आजूबाजूचं गेलं.

मग तोंड कुठे होतं? शंकूच्या टोकाला असतं तसं तोंड नव्हतंच. नाशिक-पुणे पट्ट्यात कातळातून उभी, भिंतीसारखी दगडाची रांग निघालेली दिसते. तिला डाइक म्हणतात. लाव्हा वर चढता चढता भेगेतच थिजला, की अशी भिंत तयार होते. असा उद्रेक माणसाने पाहिलाही आहे. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी इथे २७ किलोमीटरची भेग उघडली आणि आठ महिने वाहत राहिली. तिच्या विषारी वायूंनी जनावरं मेली, मग दुष्काळ पडला, आणि देशातली साधारण पाचांतली एक व्यक्ती गेली. आणि लाकी म्हणजे आपल्या दख्खनच्या या चवडीपुढे चमचाभर.

नातवाला वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीपाशी न्या. खाणीची उभी भिंत नीट बघा. घट्ट, काळा दगड कुठे आहे आणि भोकाभोकांचा कुठे, ते त्यालाच शोधू द्या. भोकं म्हणजे लाव्हातल्या वायूचे बुडबुडे, ते थराच्या माथ्याकडे जास्त अडकतात. पुढे त्यांत पाणी झिरपून पांढरी खनिजं भरली. वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांतून कॅव्हन्साइट निघतं. माझ्या टेबलावर एक तुकडा आहे, सुपारीएवढा, कपड्यांना घालायच्या निळीसारखा निळा. जगभरचे संग्राहक या खनिजासाठी वाघोलीचं नाव घेतात. आपल्याला वाघोली म्हटलं की ट्रॅफिक आठवतो.

‘मॅडम, पुस्तकात लिहिलंय की ज्वालामुखी प्रेशर कुकरसारखा फुटतो. मग हवाईमध्ये लोक लाव्हा बघायला कसे जातात? फुटत नाही का तो?’ (प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, हडपसर)

कुकर विसर. मी वर्गात पिठलं सांगायचे.

आमटी उकळते तेव्हा बुडबुडा वर येतो, फुटतो, संपलं. पिठलं घट्ट झालं की रटरटायला लागतं. बुडबुड्याला वाट मिळत नाही, तो आतल्या आत फुगतो आणि फट्कन फुटून ठिपका थेट मनगटावर. (माझ्या उजव्या मनगटावर त्याचा डाग आहे. घाईत लांब दांड्याचा डाव घेतला नव्हता.) शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या दगडात, बेसनाचं काम सिलिका (वाळूत असते तीच) करते. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या रसात, ती साधारण ५० टक्के, म्हणून तो आमटीसारखा पातळ. ७० टक्क्यांच्या पुढे गेली की पिठलं. आणि वायू म्हणजे मुख्यतः पाण्याची वाफ. खोलवर दाबाखाली ती शिलारसात विरघळलेली असते, वर येताना दाब उतरला की बुडबुडे सुटतात. ज्वालामुखीचा स्वभाव बराचसा या दोन गोष्टींवर ठरतो, घट्टपणा किती आणि वायू किती.

हवाईचा लाव्हा पातळ. तो कारंज्यासारखा उडतो, लांब वाहतो, आणि डोंगर तयार होतो पालथ्या परातीसारखा पसरट. त्याला ढालज्वालामुखी म्हणतात. तिथला मौना लोआ समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर आहे, पण समुद्रतळापासून मोजलास तर ९ किलोमीटरच्या वर. तरी चढ इतका हळू की फोटोत तो डोंगर वाटतच नाही. अर्थात लाव्हा ११०० अंशांच्या पुढे तापलेला असतो, तेव्हा बघायला जाणारेही जरा बेतानेच जातात.

थोडा जास्त घट्ट शिलारस असेल तर इटलीतल्या स्ट्रॉम्बोलीसारखं होतं. थोड्याथोड्या वेळाने एक ढेकर, तापलेले गोळे उडाले, पुन्हा शांत. असे उडालेले जळके खडे एकाच तोंडाभोवती साचले की शंकू होतो. मेक्सिकोत २० फेब्रुवारी १९४३ ला एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात, त्याच्या डोळ्यांदेखत जमीन फाटून असा शंकू वाढायला लागला. पारिकुटिन. नऊ वर्षांत ४२४ मीटर झाला आणि थांबला.

त्याहून घट्ट, रटरटणारं पिठलं म्हणजे फिलिपिन्समधला मायोन, इटलीतला व्हेसूव्हियस. राख आणि लाव्हा यांचे थर एकाआड एक, देखणा उभा डोंगर. कॅलेंडरवर हेच असतात. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसचा राखेचा खांब पाइन वृक्षासारखा वर जाऊन पसरला, असं धाकट्या प्लिनी या रोमन लेखकाने पत्रात लिहून ठेवलं. म्हणून अशा उद्रेकाला प्लिनियन म्हणतात. पण लाव्हा आणि खांब यांपेक्षा मला भीती वाटते ती खांब कोसळतो किंवा घट्ट लाव्हाचा घुमट ढासळतो तेव्हाची. तापलेली राख, वायू आणि दगड यांचा लोंढा उतारावरून मोटारीहून वेगाने येतो. १९०२ साली मार्टिनिक बेटावर मों पेलेच्या अशा लोंढ्याने सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत संपवलं, सुमारे २८,००० माणसं. लाव्हापुढे बहुतेक वेळा चालत निसटता येतं, याच्यापुढे नाही.

‘लोणारचं सरोवर ज्वालामुखीचं मुख आहे, असं आमच्या ट्रेक लीडरने सांगितलं.’ (कोथरूड)

चुकीचं सांगितलं. लोणारचा खड्डा उल्कापाताचा आहे, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. दगड ज्वालामुखीचा म्हणून खड्डाही ज्वालामुखीचा, हे पर्वतीवालं लॉजिक झालं.

‘बाई, भारतात जिवंत ज्वालामुखी आहे का? त्याची राख आमच्याकडे येईल का?’ (इयत्ता आठवी, नारायणगाव)

आहे, एकच. अंदमानात बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) साधारण १४० किलोमीटर. तिथे वस्ती नाही. बराच काळ गप्प होता, १९९१ मध्ये जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतो. त्याची राख नारायणगावपर्यंत यावी एवढं बळ त्यात नाही.

पण दुसऱ्याची राख तुझ्या तालुक्यात केव्हाच येऊन पडली आहे! सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी इतका प्रचंड स्फोट झाला की माथा आत खचला, आणि त्या खड्ड्यात आज १०० किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. टोबाच्या राखेचा थर कुकडीच्या काठी, बोरीजवळ सापडला. तो याच स्फोटाचा की टोबाच्याच त्याआधीच्या एखाद्या, यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत.

बघायला जाणार असशील तर घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर ने, आणि राख डबीत भरून आणू नकोस, ती अभ्यासाला लागते. चिमूटभर दोन बोटांत चोळून बघ, कचकचते, कारण ती बारीक काचच असते. डोळ्याला हात लावायच्या आधी हात धू.