वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यात ट्रॅम्पोलिन कसे राखावे?

प्रश्न : आमच्या परसात मुलांसाठी १२ फूट व्यासाचे, भोवती सुरक्षा-जाळी असलेले ट्रॅम्पोलिन आहे. गेल्या हिवाळ्यात त्यावर कव्हर बांधून ते तसेच उभे ठेवले होते. बर्फ वितळल्यावर पाहिले, तर मॅट मधोमध खाली आली होती, जाळीचा एक खांब वाकला होता आणि बऱ्याच स्प्रिंगांवर गंज चढला होता. या वर्षी अधिक जाड कव्हर घ्यावे, की सगळे सुटे करून ठेवावे? घरात जागा मात्र बेताचीच आहे.

उत्तर : जाड कव्हर घेऊन आपला प्रश्न सुटणार नाही. मॅट खाली आली ती बर्फाच्या वजनाने, खांब वाकला तो जाळीत अडकलेल्या बर्फाने आणि वाऱ्याने, आणि गंज चढला तो ओलीमुळे. पहिल्या दोहोंवर कव्हरचा काहीच उपयोग होत नाही. तिसऱ्या बाबतीत, कव्हरखाली ओल कोंडली गेली तर उलट अपायच होतो.

वजनाचा अंदाज सहसा कोणालाच येत नाही, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. १२ फूट व्यासाच्या ट्रॅम्पोलिनचे क्षेत्रफळ सुमारे साडेदहा चौरस मीटर भरते. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाचे वजन घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो असते. तोच बर्फ दबून ओलसर झाला की ते २०० ते ३०० किलोंवर जाते. म्हणजे दबलेल्या बर्फाचा २० सेंटिमीटरचा थर साचला, तर ४०० ते ६०० किलोंचे ओझे होते. उडी मारणाऱ्या मुलाचा भार स्प्रिंगांवर क्षणभर येतो आणि लगेच उतरतो, पण बर्फाचे ओझे आठवडेच्या आठवडे हलत नाही, आणि इतका काळ ताणून राहिलेली स्प्रिंग पुन्हा पूर्ण मिटेलच असे नाही. आपल्याकडच्या काही स्प्रिंगा काढून हातात धरून पाहाव्यात. ताण नसताना वेढे एकमेकांना घट्ट चिकटून बसलेले असले, तर स्प्रिंग चांगली आहे. दोन वेढ्यांमधून पलीकडचा उजेड दिसत असेल, तर ती बदलावी. नुसता वरवरचा गंज घासून काढता येतो, पण धातूला खड्डे पडलेले असले तर ती स्प्रिंगही ठेवू नये. वाकलेला खांब ठोकून सरळ करण्याच्या फंदात पडू नये. एकदा मुडपलेली नळी त्याच जागी कमकुवत झालेली असते.

माझे मत असे, की सांगाडा बाहेरच राहू द्यावा आणि बाकी सर्व आत घ्यावे. जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी सांगाडा थंडी सोसतो, आणि मॅट नसली की त्यावर बर्फ साचायला जागाच उरत नाही. जाळी, मॅट, स्प्रिंगांवरची गादीपट्टी आणि स्प्रिंगा यांना मिळून एक कोपरा पुरतो : मॅट गुंडाळून उभी राहते आणि स्प्रिंगा एका झाकणाच्या बादलीत मावतात. सांगाड्याची मात्र दोन कामे विसरू नयेत. नळ्यांत पाणी साठलेले असेल, तर ते काढून टाकावे, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि नळी उभी फाटू शकते. आणि जमीन गोठून टणक होण्यापूर्वीच पायांना जमिनीत रोवायचे मळसूत्री खुंटे लावून घ्यावेत.

स्प्रिंगा सोडवताना घाई करू नये. त्यासाठी मिळणारा आकडा वापरावा, हातमोजे आणि चष्मा घालावा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये, कारण ताणलेली स्प्रिंग हातातून निसटली तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. एका बाजूने ओळीने सोडवत न जाता एक इकडची, तर पुढची तिच्या बरोबर समोरची, अशा क्रमाने गेल्यास मॅटवरचा ताण सारखा राहतो. वसंतात पुन्हा जोडतानाही हाच क्रम ठेवावा.

आत नेण्यापूर्वी सर्व कापडी भाग सौम्य साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशने धुऊन पूर्ण वाळवावेत. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच, कारण दमट मॅट घडी करून ठेवली की काही आठवड्यांत तिच्यावर बुरशी धरते. उंदीर जाळी कुरतडतात, म्हणून ती झाकणाच्या डब्यात ठेवावी. स्प्रिंगांना तेलाचा हलका हात द्यावा आणि तेलकट स्प्रिंगा मॅटपासून दूर ठेवाव्यात.

एवढे करणे शक्यच नसेल, तर किमान जाळी आणि गादीपट्टी काढावी आणि प्रत्येक हिमवर्षावानंतर मऊ केरसुणीने बर्फ लोटून द्यावा. लोखंडी फावड्याने मॅट चिरते आणि मिठाने स्प्रिंगा गंजतात, म्हणून दोन्ही टाळावे. चिकटलेला बर्फ खरवडू नये, तो आपोआप सुटू द्यावा. कव्हरचे काम पालापाचोळा अडवण्यापुरतेच समजावे, आणि त्याला पाणी निचरण्यासाठी छिद्रे असावीत. ट्रॅम्पोलिन उलटे करून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, पण मी तो देणार नाही. मॅट जमिनीलगत ओलीत राहते आणि वारा काठाखाली शिरला की ते घरंगळत जाऊ शकते.

प्रश्न : आम्ही ट्रॅम्पोलिन सुटे करत नाही. कोरड्या थंडीच्या दिवशी मुलांना त्यावर उड्या मारू द्याव्यात का?

उत्तर : मॅटवर बर्फाचा किंवा दवाचा अंशही नसेल आणि मुलांच्या पायांत बूट नसतील, तर थोडा वेळ हरकत नाही. मात्र त्याआधी मॅटच्या काठावरची शिवण अंगठ्याच्या नखाने जागोजागी घासून पाहावी. उन्हाने कुजलेला दोरा वरून धड दिसतो, पण नखाखाली त्याचा भुगा होतो. असा दोरा एका जागीही आढळला, तर नवी मॅट बसेपर्यंत ट्रॅम्पोलिन बंद ठेवावे.